हिरवा तीळ

१

दुपारी जेवणं उरकली, वहिनी आडवी झाली, की घर माझं. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर खताच्या दुकानावर आमचा मजला आहे. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि लोखंडी जाळीची गॅलरी. भारतदादा एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात जातो. वहिनी घर चालवते. मी वेल लावते.

हसू नका. मनीप्लांट म्हणजे बाटलीत खुपसून विसरून जायची वस्तू, असं लोकांना वाटतं. माझ्याकडचे पांढऱ्या नक्षीचे आहेत. एकेका पानावर अर्धं पांढरं, अर्धं हिरवं, आणि दोन पानं कधी सारखी नाहीत. पुण्या-नाशकाचे लोक कटिंग मागवतात. मी ती ओल्या शेवाळात गुंडाळून कुरिअरनं पाठवते. पांढरं जितकं जास्त, तितकी मागणी जास्त. तेच पांढरं एकोणिसाव्या वर्षी माझ्या मनगटावर उमटलं तेव्हा सहा स्थळं फिरली. आता मी एक्केचाळीसची आहे आणि त्या सहा जणांची नावं अजून पाठ आहेत.

कोड आहे मला. दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही, फक्त दिसतं. पसरतंय का बघायला डॉक्टरांनी एक सवय लावून दिली. दर महिन्याला डागावर बटर पेपर ठेवायचा, पेनानं कड गिरवायची, खाली तारीख टाकायची. बावीस वर्षांची फाईल झाली आहे.

कटिंग करायलाही अशीच नजर पाहिजे. ह्या वेलाला उसासारखी पेरं असतात. पेराखाली बोटभर सोडून कापायचं, म्हणजे कोंबाचा डोळा आणि मूळ दोन्ही तुकड्याबरोबर येतात. देठावरची पांढरी रेघ बघायची. रेघ ज्या अंगानं जाते त्या अंगाचं पुढचं पान पांढरं निघतं. आणि पूर्ण पांढऱ्या तुकड्याच्या नादी लागायचं नाही. हिरवं नसेल तर पान उन्हातून अन्न बनवणार कशानं? वेलावर आहे तोवर दुसऱ्याच्या जिवावर दिवस काढतं, तोडलं की मरतं. हे मी पन्नास जणांना फोनवर समजावलं आहे.

जानेवारीतल्या एका दुपारी मी मोठ्या वेलाची पानं पुसत होते. त्याची कुंडी पुढच्या खोलीत कपाटावर आहे. तिथून सुतळीवरून तो भिंतीनं जातो आणि मधल्या भिंतीच्या झरोक्यातून मागच्या खोलीत, माझ्या खाटेच्या वर, उतरतो. त्याच्या शेंड्याजवळचं नवं पान पुसताना हात थांबला. पानावरचा पांढरा आकार मला ओळखीचा वाटला.

फाईल काढली. डाव्या मनगटाचा डिसेंबरचा कागद पानावर ठेवला. कड कडेवर बसली. खालचा बारीक कोपरासुद्धा.

योगायोग, म्हणलं. बटर पेपर परत फाईलला लावला आणि चहा टाकला.

२

तीन फेब्रुवारीला पुढचं पान उघडलं. त्याच्यावर मधे आवळलेला, भुईमुगाच्या शेंगेसारखा डाग होता. असा डाग माझ्या अंगावर कुठंच नव्हता. मला फार बरं वाटलं. बघ, म्हणलं, उगीच घाबरलीस. गंमत म्हणून तोही गिरवला आणि तारीख टाकली.

एकवीस फेब्रुवारीला अंघोळीनंतर अंग पुसताना उजव्या कोपरावर पांढरं दिसलं. मधे आवळलेलं.

ओल्या अंगानं मी फाईल उघडली. कागद कोपरावर बराबर बसला. आता तुम्ही म्हणाल, बाई, तूच तो कागद चुकून आधी कोपरावर ठेवला असशील. मीही तेच म्हणाले. पण तारीख माझ्या हातची होती, आणि बावीस वर्षांत मी तारीख चुकलेली नाही.

पान आधी आलं होतं. डाग नंतर आला होता. मधे अठरा दिवस.

३

त्याच आठवड्यात पायलसाठी स्थळ आलं. पायल म्हणजे दादाची मुलगी. वहिनीला बाळंतपणात टायफॉइड झाला तेव्हापासून ती माझ्या कुशीत वाढली. आता चोवीस वर्षांची आहे, लॅबमध्ये काम करते आणि मला दम देते. मुलगा वाटूरचा, परतूरला बँकेत. पायल त्याला दोनदा भेटून आली होती आणि तेव्हापासून आरशापुढं जरा जास्त वेळ उभी राहत होती. त्यावरून मी सगळं ओळखलं.

मध्यस्थ राधेश्याम पुढच्या खोलीत बसला होता. चहा मी केला, नेऊन वहिनीनं दिला. बाहेरच्या माणसापुढं कप माझ्या हातानं जात नाही. असा नियम कोणी केलेला नाही, पण सगळे पाळतात.

"मुलाच्या आईनं येकच विचारलंय," राधेश्याम म्हणाला. "घरात कुणाला डागबिग न्हाईत ना?"

"न्हाई," दादा म्हणाला. "बिलकुल न्हाई."

मी गॅस बारीक केला. खरं सांगते, राग आधी दादाचा आला नाही, माझ्याच हातांचा आला.

रात्री जेवताना दादा ताटात बघून बोलला, "तृप्ती, ते लोक येतील तवा तू मागच्या खोलीत बसशील का? तासाभराचा तर प्रश्न आहे."

"आत्या कुठंच बसणार न्हाई," पायल म्हणाली. "न्हाईतर मी बी बसणार न्हाई."

"गप गं," मी म्हणाले. "बसते मी. मला तरी कुठं हौस आहे पोहे वाटायची?"

माझ्यामुळं सहा स्थळं गेली ती माझी होती. सातवं पायलचं जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी मी मागच्या खोलीतच काय, माळ्यावर बसले असते.

४

मार्चच्या सुरुवातीला शेंड्याच्या देठावर पांढरी रेघ जाड झाली. इतकी जाड मी कधी बघितली नव्हती. पुढचं पान काय निघणार हे मला कळत होतं, आणि रोज दुपारी खाटेवर पडून मी त्या गुंडाळलेल्या पानाकडं बघत राहायचे. खाली हमाल खताची पोती टाकायचे, त्या धप्प आवाजानं पान जरासं हलायचं. पोती नसतानाही हलायचं.

पान उघडलं. तळहाताएवढं होतं. त्याच्यावर अर्धचंद्रासारखा मोठा पांढरा आकार होता आणि त्या पांढऱ्यात एकच हिरवा ठिपका, मोहरीएवढा.

मी पान धरून आरशापुढं गेले. वेल सुतळीवर ताणला गेला. पान गालाशी नेलं. अर्धचंद्र डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत बसला आणि हिरवा ठिपका जिथं आला, तिथं माझ्या गालावर जन्मापासूनचा तीळ आहे.

हात झाकता येतात. बाह्या लांब शिवता येतात. तोंड कुठं नेऊ?

मी कात्री आणली आणि दोन पेरं खाली कापलं. आयुष्यात एवढं वाकडं कटिंग मी केलेलं नाही. कचऱ्यात टाकायला गेले तर हात धजेना. जिवंत डोळा असलेला तुकडा मी आजवर फेकलेला नाही. मग स्टीलच्या एका रिकाम्या डब्यात तो कोंबला, झाकण दाबून बसवलं आणि डबा खाटेखाली सरकवला. पाणी नाही, उजेड नाही, हवा नाही. मरू दे, म्हणलं.

अठरा दिवस मी मोजले. रोज सकाळी खिडकीत आरसा धरून गाल बघायचे. एकोणिसाव्या दिवशी गाल जसाच्या तसा होता. त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. कशाबद्दल ते वहिनीला सांगितलं नाही.

५

कापलेल्या जागेखालून नवा डोळा फुटला. मार्चअखेरीस त्याला पहिलं लहान पान आलं. त्याच्यावर पांढरं कडं होतं, एका जागी तुटलेलं, आणि त्याच्या खाली तीन ठिपके ओळीनं.

हे माझं नव्हतं. कसं ते सांगता येणार नाही. बावीस वर्षं स्वतःच्या अंगाच्या कडा गिरवणाऱ्या बाईला कळतं.

मंग कुणाचं?

पायलच्या केसांना तेल लावायच्या निमित्तानं मी तिची मान बघितली, कानामागं बघितलं, दंड बघितले.

"आत्या, काय शोधून राह्यली?"

"उवा," मी म्हणाले.

काही नव्हतं. पण काही नसणं म्हणजे काय? माझ्या कोपरावरही अठरा दिवस काही नव्हतं. पाहुणे अठरा एप्रिलच्या आसपासच यायचे होते. मनात हिशोब मांडला, तर तारखेला तारीख येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर लावून पडले होते. लाईट गेली, कूलर बंद पडला आणि त्या शांततेनं जाग आली. डाव्या मनगटाला काहीतरी गार लागत होतं. वेलाचा शेंडा होता. झोपताना तो भिंतीवर हातभर उंचीवर होता, हे मी शपथेवर सांगते. आता तो डागाच्या कडेकडेनं वळून पडला होता. शिंपी बाहीवर टेप लावतो, तसा.

मी हात ओढला नाही. का, ते माहीत नाही. हळूच दुसऱ्या हातानं उशीखालची कात्री घेतली. माझा गाल वाचला तशी पायल वाचेल, एक घाव घालायचा आणि विषय संपवायचा, असं ठरवून मी कात्रीची पाती पेराखाली धरली.

तेवढ्यात खाटेखालून आवाज आला. स्टीलवर नख ओढल्यासारखा, आतून. एकदा. थोड्या वेळानं परत.

मी कात्री खाली ठेवली. उंदीर असेल, म्हणलं. डबा उघडून बघितला नाही.

६

पाहुणे रविवारी अकराला आले. मी मागच्या खोलीत खाटेवर, दारावर पडदा, पंखा एकवर. पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. मुलगा कमी बोलत होता. त्याचे वडील कापसावर बोलत होते. आई, गिरिजाबाई, घसा साफ करून मोजकं बोलत होत्या. पायलचा आवाज आला तेव्हा मी पुढं सरकून बसले. पोहे झाले. वहिनी चहा घेऊन गेली. चहा माझ्याच हातचा होता.

"आणखी कोण असतं घरात?" गिरिजाबाईंनी विचारलं.

दादानं बशी खाली ठेवली.

"आमी तिघंच," तो म्हणाला.

बावीस वर्षांत मला कोणी इतक्या सहज पुसून टाकलं नव्हतं. मी रडले नाही. खाटेची पट्टी घट्ट धरून बसले आणि वर बघितलं.

वर शेंड्याला गुंडाळलेलं नवं पान होतं. ते उघडायला लागलं. पान उघडायला दोन-तीन दिवस लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. हे माझ्यासमोर उघडत होतं, नवं कापड फाडतात तसा बारीक आवाज करत. तळहाताएवढं झालं. पांढरं कडं, एका जागी तुटलेलं. खाली तीन ठिपके. उघडून झाल्यावर ते वळलं. माझ्याकडं नाही, खिडकीच्या उजेडाकडं नाही. पडद्याकडं.

आणि खाटेखाली डब्याचं झाकण उडालं.

ते कडेवर पडलं आणि घरंगळत निघालं. मी वाकले, पकडायला हात घातला, बोटांतून निसटलं. वाकल्यावर डब्यातून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. लांब, पांढरंफटक, आणि त्याच्या टोकाला माझ्या तोंडाएवढं एक पान. क्षणभरच दिसलं, कारण मी दुसऱ्या क्षणाला डोळे मिटले होते. झाकण पडद्याखालून पुढच्या खोलीत गेलं आणि फरशीवर गोल गोल फिरत खणखणत राहिलं.

पुढं कपाचा आवाज झाला. कोणीतरी 'आई गं' म्हणालं.

"आत कोण हाय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

पाठीमागं खाटेखाली सळसळ होत होती. पुढं माणसं होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माणसांची भीती कमी वाटली. मी बाह्या कोपरापर्यंत सारल्या, पडदा बाजूला केला आणि झाकण उचलायला बाहेर गेले.

७

गिरिजाबाईंच्या हातावर चहा सांडला होता. त्या घाईघाईनं पदरानं मनगट पुसत होत्या. पदराला मेकअपचा गव्हाळ लेप येत होता आणि बांगड्या वर सरकल्या होत्या. मनगटावर पांढरं कडं होतं, एका जागी तुटलेलं, खाली तीन ठिपके ओळीनं.

त्यांनी माझे हात बघितले. मी त्यांचं मनगट बघितलं. खोलीत झाकण अजून हलत होतं, ते मी पायानं थांबवलं.

"आई," मुलगा म्हणाला, "हे कधीपासून?"

"तुज्या आधीपासून," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांनाच काय ते ठाऊक. रोज पहाटे उठून लावती मी हे. म्या विचारायला लावलं, कारण समदे विचारतात. न्हाई विचारलं तर म्हणतील, हिनं का न्हाई विचारलं?"

दादाची मान खाली गेली होती. पायल उठून माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला, डागावरच.

"ही माझी आत्या," ती म्हणाली. "मला हिनं वाढवलं. आम्ही तिघं न्हाई, चौघं राहतो. पप्पा खोटं बोलले, कारण तुम्ही तसं विचारलं. आता हिच्या हातचा चहा घेणार असाल तर पुढं बोलू. न्हाईतर पोहे छान झाल्ते, एवढं सांगून निघा."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. एवढी जीभ ह्या पोरीला मीच दिली, म्हणलं.

मी आत जाऊन दुसरा चहा आणला. कप माझ्या हातानं पुढं केला. गिरिजाबाईंनी मनगट झाकलं नाही. ओल्या, पांढऱ्या हातानं कप घेतला आणि सगळ्यांदेखत बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या.

"साखर बराबर हाय," त्या म्हणाल्या.

निघताना त्या वेल बघायला मागच्या खोलीत आल्या. खाटेखाली आता काही हलत नव्हतं. शेंड्याचं पान त्यांनी निरखून बघितलं. मग मनगट उचलून पानाशेजारी धरलं.

"हे पान कधी आलं?"

"तुम्ही बसल्यावर," मी म्हणाले.

"ह्याचं येक फाटं मला द्या," त्या म्हणाल्या. मी पेराखाली बोटभर सोडून, सरळ, नीट कापून दिलं.

८

ते गेल्यावर दादा माझ्यासमोर येऊन बसला. "तृप्ते," एवढंच म्हणाला. मी त्याला थोडा वेळ तसाच ठेवला. बावीस वर्षांची उधारी होती, लगेच कशाला सोडू? मग त्याच्याकडून पुढच्या खोलीच्या खिडकीतला टीव्ही हलवून घेतला.

त्या जागी ठेवायला माझी सगळ्यात चांगली कुंडी भरली. खाटेखालून डबा ओढला. आतला तुकडा जिवंत होता. दीड महिना अंधारात, कोरडा. डब्याच्या तळाला मुळांचं वेटोळं बसलं होतं. देठावर हिरव्याचा मागमूस नव्हता. तेच पान आता माझ्या तोंडाएवढं झालं होतं आणि सगळं पांढरं होतं. त्यात फक्त तो एक ठिपका, मोहरीएवढा, हिरवा. कशावर जगलं, कुणाच्या जिवावर, हे मी स्वतःला विचारलं नाही. ज्या बाईला माळ्यावर बसायची तयारी होती, तिनं डब्यात बसलेल्याला काय विचारावं?

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मी ते लावलं, पाणी घातलं, खिडकीत ठेवलं. "ये," म्हणलं. "कापणार न्हाई आता."

पायलनं वाटूरकरांना आठ दिवस तंगवलं आणि मग होकार दिला. गिरिजाबाई आता बांगड्या वर सारून फिरतात, वाटूरच्या बाजारात सुद्धा. परवा त्यांचा फोन आल्ता. त्यांच्या बाटलीत नवं पान निघालंय, म्हणाल्या, आणि त्याच्यावरचं काहीच त्यांचं नाही. कुणाचं असेल? मी म्हणाले, घाबरू नका, येईल ते माणूस चालत. चहा टाकून ठेवा.

बटर पेपरची फाईल मी रद्दीत दिली.

कुंडी खिडकीत ठेवल्यापासून अठराव्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून आत आले तर पायल माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या हातातला कंगवा थांबला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "आरशात बघ."

गाल गार लागत होता. मी त्याच्यावर हात फिरवला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत. मधे बोटाला तीळ लागला.

"आरशात कशाला?" मी म्हणाले. "खिडकीत आहे की."